बाबांना न मिळालेलं औषध

“नळी काचेची नको, पॉलिप्रॉपिलीनचीच हवी.” त्या आठवड्यात हे वाक्य मी किती जणांना ऐकवलं देव जाणे. लॅबच्या पोराला फोनवर, वॉर्डातल्या सिस्टरला, आणि शेवटी खुद्द डॉक्टरांनाही, ज्यांच्याकडूनच मी ते शिकले होते. डॉक्टर हसले, ट्रेमधली नळी उचलून माझ्यापुढे धरली. “प्लॅस्टिकची आहे. हात लावू नका, पण बघून घ्या.”

बाबांना अल्झायमर आहे का, ते मणक्यातून काढलेल्या पाण्यावरून ठरणार होतं. त्या पाण्यात अमिलॉइड बीटा नावाचं प्रथिन असतं आणि ते काचेला चिकटून बसतं. काचेच्या नळीतून पाणी पाठवलं की लॅबला ते असतं त्याहून कमी दिसतं. अल्झायमरच्या माणसात ते तसंही कमीच सापडतं, कारण बाकीचं मेंदूत थर धरून बसलेलं असतं, पाण्यात उतरत नाही. म्हणजे नळी चुकली तर धडधाकट माणूसही कागदावर रोगी ठरायचा. मी फोंड्याच्या एका पतसंस्थेत हिशेब बघते. एका चुकीच्या नोंदीने ताळेबंद कसा फिरतो हे मला नवीन नाही, त्यामुळे ती नळी डोक्यातून जाईना.

बाबा पलंगावर कुशीवर झोपले होते. डॉक्टर म्हणाले, “बाब, सुंगट कसं वाकडं होतं, तसे व्हा बघू. गुडघे पोटाशी, मान खाली.”

“शिजिल्लें काय जितें?” बाबांनी भिंतीकडे तोंड करून विचारलं. सुंगट म्हणजे कोळंबी; शिजलेली की जिवंत?

सिस्टरसुद्धा हसली. शिजलेलं, डॉक्टर म्हणाले. बाबा आणखी वाकले. मी त्यांचा हात धरून होते. सुई आत गेली तेव्हा त्यांची बोटं एकदा घट्ट झाली आणि सैल पडली. पाणी थेंबाथेंबाने नळीत पडत होतं, विहिरीच्या पाण्याइतकं स्वच्छ. ते गढूळ असेल अशी माझी उगाच समजूत होती. एवढं सगळं ज्यामुळे चाललंय ते निदान दिसावं तरी, असं काहीतरी वाटत असावं.

बाबा कदंबमध्ये, म्हणजे गोव्याच्या सरकारी बसमध्ये कंडक्टर होते. महामंडळ १९८० मध्ये निघालं, त्यानंतर काही वर्षांनी ते लागले आणि निवृत्त होईपर्यंत बहुतेक काळ फोंडा–पणजी याच रस्त्यावर. आमच्या घरी मुलांना पाढ्यांच्या आधी स्टॉप पाठ झाले: फर्मागुडी, म्हार्दोळ, मंगेशी, कुंडई, भोमा, बाणास्तारी, खोर्ली, जुनें गोंय, रायबंदर, पणजी. आजही बसमध्ये खिडकीशी बसले की ओठ हलत असतात, आणि एकही स्टॉप चुकत नाही. चुकतं ते दुसरंच. २०२३ च्या चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या आसपास आम्ही पणजीला चाललो होतो, तेव्हा कुंडई ते बाणास्तारीच्या मध्ये त्यांनी मला तीनदा विचारलं, “आमी खंय वतात?” कुठे चाललोय. प्रत्येक वेळी तोच सूर, तीच उत्सुकता. त्याच चवथीला माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांचं सामान आणायला बाजारात गेले आणि आंबाडे दोनदा घेऊन आले. आई म्हणाली, वय झालं. मीही तेच म्हटलं. बाबांची आई शेवटी शेवटी चुलीपाशी बसून मेलेल्या माणसांना पेज वाढायची. तेव्हा गावात त्याला म्हातारचळ म्हणायचे आणि विषय संपायचा.

पहिल्या तपासणीचं वर्णन लांबवत नाही. रक्त, थायरॉइड, बी-१२, सगळं ठीक. मग कागद-पेन्सिलची परीक्षा. शंभरातून सात वजा करत जा म्हटल्यावर बाबांनी त्र्याण्णव, श्याऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर, पासष्ट असं धडाधड सांगितलं. सुटे पैसे मोजण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला ते काय अवघड? डॉक्टरांनी नंतर घड्याळ काढायला सांगितलं, अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा. गोल सुबक, आकडे जागच्या जागी. काटे मात्र एक अकरावर आणि एक दहावर. ‘दहा मिनिटं’ मधले दहा त्यांनी शब्दशः घेतले. सुरुवातीला सांगितलेले पाच शब्द पाच मिनिटांनी विचारले, तेव्हा एकही आला नाही. बाबा ओशाळले नाहीत. “तुमी सांगिल्लेंच ना,” म्हणाले, तुम्ही सांगितलेच नाहीत. दुसऱ्या परीक्षेत तीसपैकी तेवीस गुण पडले. मला तो आकडा वाईट वाटला. पुढे कळलं की ज्या औषधामागे आम्ही लागणार होतो, त्यासाठी तो अगदी बरोबर आकडा होता.

औषधाची बातमी पुण्याहून आली. माझा धाकटा भाऊ तिथे असतो. २०२५ मध्ये डोनानेमॅब या अल्झायमरवरच्या औषधाला भारतात परवानगी मिळाल्याची बातमी त्याने व्हॉट्सॲपवर पाठवली आणि खाली लिहिलं, “ताई, हे बघ. आता करूया.” लांबच्या माणसाला ‘करूया’ म्हणणं सोपं असतं असं मनात आलं, ते मी तेव्हा गिळलं, आता लिहून टाकते.

मग मी रात्री वाचायला लागले. ही औषधं म्हणजे प्रयोगशाळेत तयार केलेल्या अँटिबॉडी. अँटिबॉडी म्हणजे आपलं शरीर जंतू ओळखायला बनवतं ती प्रथिनं. इथे ती जंतूऐवजी अमिलॉइड ओळखतील अशी घडवलेली असतात. शिरेतून द्यायची. त्यातला थोडासाच भाग मेंदूत पोचतो, तो जाऊन त्या थरांना चिकटतो आणि मेंदूतल्या सफाई करणाऱ्या पेशी ते थर उचलून नेतात. ऐकायला फारच सोपं. पण त्यांचा इतिहास वाचताना मला आमच्या संस्थेची बुडीत कर्जांची यादी आठवली. अमिलॉइडविरुद्धची लस माणसांना देऊन पाहिली, काहींच्या मेंदूला सूज आली आणि २००२ मध्ये ते थांबवलं. बॅपिन्यूझुमॅब २०१२ मध्ये पडलं, सोलानेझुमॅब २०१६ मध्ये, गॅन्टेनेरुमॅब २०२२ मध्ये. अडुकानुमॅबला अमेरिकेत जून २०२१ मध्ये परवानगी मिळाली, तीही तज्ज्ञांच्या समितीने नको म्हटलेलं असताना. वर्षाला ५६,००० डॉलर किंमत लावली, नंतर ती अर्ध्यावर आणली, आणि २०२४ उजाडताच कंपनीने ते औषध सोडूनच दिलं. मग लेकानेमॅब आलं, त्याचं मूळ स्वीडनमधल्या एका घराण्यात सापडलेल्या जनुकीय बदलात आहे, आणि त्यानंतर डोनानेमॅब.

लेकानेमॅबचा निकाल मी वहीत उतरवून घेतला. १,७९५ माणसं, अठरा महिने. आजार किती वाढला ते मोजायचं माप शून्य ते अठराचं. औषध न घेतलेल्यांची घसरण १.६६, घेतलेल्यांची १.२१. फरक ०.४५. बातम्यांमध्ये मात्र सगळीकडे ‘आजाराचा वेग २७ टक्क्यांनी कमी’. दोन्ही आकडे खरेच आहेत, ०.४५ ला १.६६ ने भागलं की २७ टक्केच येतात. पण कुठला आकडा मथळ्यात घालायचा आणि कुठला आतल्या पानात, हे आम्ही हिशेबवाले ओळखतो. इंग्लंडमध्ये सरकारी आरोग्यसेवेसाठी औषधं पारखणाऱ्या संस्थेने त्याचं भाषांतर महिन्यांत केलं होतं: सरासरी चार ते सहा महिने. एवढ्यासाठी एवढा खर्च नको, असं म्हणून त्यांनी ते नाकारलं. अमेरिकेत लेकानेमॅबची किंमत वर्षाला २६,५०० डॉलर आणि डोनानेमॅबची सुमारे ३२,००० ठेवली होती. रुपयांत किती होतात ते मी एकदाच काढलं आणि वही मिटली.

तरी आम्ही गेलो. चार-सहा महिने कमी का? त्या महिन्यांत माझ्या मुलीची दहावी होती.

डॉक्टरांनी दुसऱ्या भेटीत आम्हा तिघांना बसवलं, आई, बाबा आणि मी, भाऊ फोनवर. हे डॉक्टर मला आवडले ते याच भेटीत, कारण ते सगळं बाबांकडे बघून बोलत होते. एरवी दवाखान्यात शिरलं की लोक ‘ह्यांना किती दिवसांपासून होतंय’ असं मला विचारतात, जणू बाबा म्हणजे मी हातात धरून आणलेलं पार्सल. डॉक्टर म्हणाले, डोनानेमॅब सुरुवातीच्या अवस्थेसाठीच आहे. आजार पुढे गेला की उपयोग नाही. दर चार आठवड्यांनी सलाईनसारखं लावायचं, अर्धा तास, मग तेवढाच वेळ बसवून ठेवायचं. डोस हळूहळू वाढवत नेतात. आणि दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या आणि सातव्या डोसाच्या आधी मेंदूचा एमआरआय.

“का?” भावाने फोनवरून विचारलं.

कारण अमिलॉइड नुसतं मेंदूच्या पेशींच्या मधल्या जागेतच नाही, बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतीतही बसलेलं असतं. अँटिबॉडी तिथूनही ते ओढून काढायला जाते. भिंत सैल पडते आणि पाणी झिरपतं, कधी रक्त. जुन्या घराच्या भिंतीतली माती झाडाच्या मुळांनी धरून ठेवलेली असते, मूळ उपटलं की मातीही येते. हे उदाहरण माझं, डॉक्टरांचं नाही. डोनानेमॅबच्या मोठ्या चाचणीत औषध घेणाऱ्या दर चारांपैकी सुमारे एकाच्या मेंदूत अशी सूज एमआरआयवर दिसली. बहुतेकांना काही जाणवलंही नाही. पण तीन माणसं या प्रकारातून दगावली, हेही डॉक्टरांनी तिथेच, त्याच सुरात सांगितलं. आणखी एक: औषध चालू असताना पक्षाघाताचा झटका आला आणि कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरला माहीत नसेल, तर तो नेहमीप्रमाणे रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देईल. लेकानेमॅब घेणारी अमेरिकेतली एक पासष्ट वर्षांची बाई अशा इंजेक्शननंतर मेंदूत रक्तस्राव होऊन गेली. म्हणून खिशात कायम कार्ड ठेवायचं. आई इतका वेळ गप्प होती, ती एवढंच म्हणाली, “हे खिशातलं कार्ड धुवायला टाकतात.”

बाबा सगळं ऐकत होते. किती कळत होतं सांगता येत नाही. मग त्यांनी डॉक्टरांना विचारलं, “तिकीट खंयचें, तें सांगात.” कुठलं तिकीट, ते सांगा.

डॉक्टर गोव्यातलेच, त्यांना कळलं. म्हणाले, “तिकीट तेच, बाब. गाडी थोडी सावकाश जाईल.”

“सावकाश?” बाबांनी मान हलवली. “फुडल्या स्टॉपार लोक गाळी घालतले.” पुढच्या स्टॉपवर लोक शिव्या घालतील.

पण सही केली. तपासण्यांना संमती म्हणून. सही अजून जशीच्या तशी आहे, कंडक्टरची, झटक्यात मारलेली.

आता तपासण्यांचा क्रम, आणि इथे आमची चूक झाली. पूर्ण आमची नव्हे. एमआरआय आम्ही आधीच एका खासगी केंद्रात करून ठेवला होता, पहिल्या भेटीच्या वेळी. अहवालात होतं, ‘वयोमानानुसार बदल, रक्तस्राव नाही’. सगळ्यांनी तेच धरलं. राहिलं होतं ते अमिलॉइड खरोखर आहे की नाही हे ठरवणं. त्याचा पेट स्कॅन करायचा तर मुंबई गाठा, असं डॉक्टर म्हणाले. त्यात टोचायच्या औषधातलं फ्लोरिन-१८ सुमारे ११० मिनिटांत निम्मं होऊन जातं, त्यामुळे ते तयार होतं त्याच्या जवळपासच स्कॅन करावा लागतो. अनोळखी शहरात, अनोळखी लॉजमध्ये बाबांना ठेवायचं या कल्पनेनेच आईच्या पोटात गोळा आला. म्हणून मणक्याचं पाणी. म्हणून ते सुंगट आणि ती नळी.

नळी बाहेरच्या लॅबला गेली, निकाल यायला वेळ लागला. अमिलॉइड कमी, टाऊ नावाचं दुसरं प्रथिन जास्त. म्हणजे अल्झायमरच. आई त्या रात्री जेवली नाही. मला मात्र, खरं सांगते, परीक्षेत पास झाल्यासारखं वाटलं: आता औषध मिळणार. किती विचित्र, वडिलांना अल्झायमर आहे हे सिद्ध झाल्याचा आनंद. भावाने अंगठा पाठवला.

त्याच सुमारास जनुकाची तपासणीही पाठवली होती. एपीओई नावाच्या जनुकाचे तीन प्रकार असतात: दोन, तीन आणि चार. आईकडून एक, बापाकडून एक अशा दोन प्रती प्रत्येकाकडे. चार नंबरवाल्यांना आजाराचा धोका जास्त, आणि या औषधाने सूज येण्याचाही. लेकानेमॅबच्या चाचणीत चार नंबर अजिबात नसलेल्यांपैकी ५.४ टक्क्यांना सूज आली, एक प्रत असलेल्यांपैकी १०.९ टक्क्यांना आणि दोन्ही प्रती चारच्या असलेल्यांपैकी ३२.६ टक्क्यांना. हे आकडे मी निकाल यायच्या आधी वाचले होते. बाबांचा निकाल आला, चार-चार.

डॉक्टर म्हणाले, हे वाईट आहे, पण याने दार पूर्ण बंद होत नाही. विचार करावा लागेल. युरोपात आणि इंग्लंडमध्ये लेकानेमॅब अशा लोकांना देतच नाहीत. मग त्यांनी आमचा जुना एमआरआय संगणकावर लावला, पुढे-मागे केला, आणि थांबले. “यात एसडब्ल्यूआय कुठे आहे?”

नव्हतंच. एमआरआयमध्ये निरनिराळ्या पद्धतीने चित्रं काढतात. एसडब्ल्यूआय या पद्धतीत जुन्या, सुकून गेलेल्या रक्ताचे अगदी बारीक डागही दिसतात, कारण त्यात लोह उरलेलं असतं. साध्या चित्रांत ते दिसत नाहीत. त्या केंद्राने ती चित्रं काढलीच नव्हती आणि तरी खाली ‘रक्तस्राव नाही’ असं लिहून मोकळे झाले होते. आम्ही विचारायला गेलो तेव्हा काउंटरवरच्या मुलीने सांगितलं, चिठ्ठीवर लिहिलं नव्हतं. तेही खरंच होतं. चिठ्ठी दुसऱ्याच डॉक्टरची, तेव्हा औषधाचा विषयही नव्हता. भांडायला माणूस सापडेना अशी ती तऱ्हा. पण ज्यांना या वाटेने जायचंय त्यांना एवढं सांगून ठेवते: आधी एसडब्ल्यूआयसकट एमआरआय करा, सुई-बिई नंतर.

दुसरा एमआरआय दुसरीकडे केला. बाबांना त्या बोगद्यात वीस-पंचवीस मिनिटं निपचित पडायचं होतं. आवाजाने दचकतील अशी मला भीती होती. बाहेर आल्यावर म्हणाले, “इंजिनाचो आवाज बरो ना. गॅरेजीन धाडूंक जाय.” इंजिन बरोबर वाजत नाही, गॅरेजला पाठवा.

ठिपके सात होते. डॉक्टरांनी पेनच्या टोकाने एकेक दाखवला. राखाडी मेंदूवर काळे, गोल, मोहरीएवढे. पावसाळ्यात चुना लावलेल्या भिंतीवर पहिल्यांदा बुरशी धरते ना, तसे. मी मोजत होते आणि पाचव्याला थांबले, कारण मर्यादा मला ठाऊक होती. चारपेक्षा जास्त असतील तर ही औषधं देत नाहीत. ते सगळे मेंदूच्या बाहेरच्या कडेला होते, खोलवर एकही नाही. खोलवरचे असते तर रक्तदाबाचे म्हणता आले असते. कडेचे म्हणजे रक्तवाहिन्यांच्या भिंतीत अमिलॉइड बसलंय आणि त्या आताच, काही औषध न देता, झिरपताहेत. त्यात चार-चारचं जनुक. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. “मी देणार नाही. आणि दुसरं कोणी देतो म्हणालं, तर मला आधी फोन करा.”

मला काय वाटलं ते लिहायचं ठरवलंय. पहिल्यांदा वाटलं, सुटले. दर चार आठवड्यांची रजा, एमआरआयच्या तारखा, कर्ज काढायचं की आईचं सोनं, रात्री बाबांचं डोकं दुखलं तर ते साधं की सूज, हे सगळं एका क्षणात खांद्यावरून उतरलं. पार्किंगपर्यंत चालत येईतो हलकं वाटत होतं. मग गाडीचा दरवाजा उघडला, बाबा सवयीने मागे सरकून बसले आणि म्हणाले, “फुडें वच, फुडें.” पुढे जा, पुढे. तेव्हा स्वतःची लाज वाटली.

भाऊ चिडला. दुसरं मत घे म्हणाला. त्याने पुण्यातल्या एका डॉक्टरांना सगळी चित्रं पाठवली. तेही नाहीच म्हणाले, उलट विचारलं की हे ॲस्पिरिन कशाला चालू आहे? ती खरी कामाची गोष्ट निघाली. बाबा कित्येक वर्षं रोज एक बारीक ॲस्पिरिन घेत होते, कुणीतरी कधीतरी ‘हृदयासाठी बरी’ म्हणून दिलेली. हृदयविकार कधीच नव्हता. आमच्या डॉक्टरांनीही पुन्हा सगळे कागद चाळले आणि ती बंद केली. ज्याच्या मेंदूत आधीच झिरपतंय त्याला रक्त पातळ करायची गोळी नको. रक्तदाबाची गोळी वाढवली, रात्री डोनेपेझिल ही स्मरणशक्तीसाठीची गोळी सुरू केली. एका औषधाच्या शोधात निघालो आणि पदरात पडलं ते एक औषध बंद होणं.

या वाचनातच एक गोव्यातलाच अभ्यास हाती लागला, २००८ मध्ये प्रसिद्ध झालेला. इथल्या दोन तालुक्यांतली ८१ कुटुंबं, घरात स्मृतिभ्रंशाचा माणूस असलेली. प्रशिक्षण दिलेली साधी माणसं त्यांच्या घरी जायची, आजार समजावून सांगायची, चिडलेल्या माणसाशी कसं वागायचं ते दाखवायची. सहा महिन्यांत सांभाळणाऱ्यांची मनःस्थिती सुधारली. मी स्वीडन, अमेरिका, इंग्लंड पालथं घालत होते आणि हे घरापासून तासाभरावर झालं होतं. त्यातली एक गोष्ट आम्ही उचलली. बाबांनी एकच प्रश्न पाचव्यांदा विचारला की ‘आत्ताच सांगितलं ना’ म्हणायचं नाही. आई शाळेतल्या मुलीसारखी बोटं मोजते आणि प्रत्येक वेळी नव्याने उत्तर देते. मला ते अजून जमत नाही.

राहिलं ते चार-चार. बाबांच्या दोन्ही प्रती चारच्या, म्हणजे आम्हा दोघा भावंडांना त्यांच्याकडून आलेली प्रत चारचीच. त्यात ‘कदाचित’ नाही. आईची तपासणी केलेली नाही, त्यामुळे दुसरी प्रत कुठली ते ठाऊक नाही, पण एक नक्की. डॉक्टरांनी तपासणीच्या आधी हे मला समजावलं होतं, कागदावर आकृती काढून. मी मान डोलावली होती, कारण तेव्हा डोक्यात फक्त औषध होतं. एक प्रत असणं म्हणजे आजार होणारच असं नाही, हेही त्यांनी सांगितलं होतं. मी बेचाळीस वर्षांची आहे. गेल्या आठवड्यात तिजोरीची किल्ली ड्रॉवरमध्ये ठेवून मी ती अर्धा तास शोधली, आणि त्या अर्ध्या तासात मी काय काय विचार केला ते इथे लिहीत नाही.

भावाला मी बरेच दिवस फक्त ठिपक्यांचंच सांगितलं. ते खोटं नव्हतं, औषध ठिपक्यांमुळेच नाकारलं. त्याने जनुकाचं विचारलं नाही, मी बोलले नाही. पण हे लिहायचं ठरवलं तेव्हा त्याला आधी कळायला हवं होतं. रविवारी फोन केला, आकृतीसकट सगळं सांगितलं. पलीकडे त्याची दोन वर्षांची मुलगी कशावरून तरी रडत होती. तो तिला उचलायला गेला असावा, कारण रडणं थांबलं आणि मग फोनजवळ तिचा श्वास ऐकू यायला लागला.

“बरं,” तो म्हणाला. “बाबा काय करतायत?”

बाबा सोप्यावर बसले होते, मांडीवर पाच-दहाच्या नाण्यांचा डबा. आईने त्यांना तो मुद्दाम दिलाय. नाणी वेगळी करून दहा-दहाच्या चवडी लावतात, मोजतात, परत डब्यात ओततात. मी फोन त्यांच्या कानाला लावला.

“खंयचें तिकीट?” बाबांनी विचारलं.

“फोंडा, एक,” भाऊ म्हणाला.